आजी रडत रडत ‘देव चांगला आहे’ का म्हणाली?

माझ्या लाडक्या लेकरांनो,

आजोबांना माती दिल्यानंतर घरी झालेली उपासना आपण इथून फोनवर पाहिली. आजीचे डोळे पाझरत होते, आवाज फुटत नव्हता, तरी ती प्रार्थनेत म्हणाली, “बापा, तू चांगला आहेस, मी तुझे उपकार मानते.” त्या रात्री थोरलीने मला विचारलं, “आई, आजोबा तर गेले. मग आजी उपकार कशाचे मानते? आपल्या मराठी लोकांत असं म्हणायची पद्धतच आहे का?” तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी बोलले. प्रश्न त्याहून मोठा आहे, म्हणून लिहिते आहे.

पद्धत आहे, हे खरंच. मराठी ख्रिस्ती घरात बाळ जन्मलं, नोकरी लागली, नवं घर घेतलं, कुणी दुखण्यातून उठलं की पाळकसाहेबांना बोलावून उपकारस्तुतीची उपासना करतात. कुणी देवाघरी गेलं तरी मंडळीतली माणसं येतात, सतरंजीवर दाटीवाटीने बसतात, पेटी-तबला असला तर त्यावर, नाहीतर टाळ्यांवर गातात. त्यातली पुष्कळ गीतं रेव्हरंड टिळकांची, म्हणजे नारायण वामन टिळकांची. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे त्यांनी ख्रिस्ताला अभंगांत आणि भजनांत आणलं. आजीला ती गीतं पुस्तक न उघडता येतात.

पण नुसत्या पद्धतीने कुणाच्या तोंडून तसं वाक्य निघत नाही. पद्धत फार तर माणसाला गोळा करते. पुढचं ज्याचं त्याला म्हणावं लागतं.

आजी काय म्हणाली ते नीट आठवा. आजोबांचं दुखणं चांगलं होतं, असं ती म्हणाली नाही. मरण चांगलं आहे, असंही नाही. पवित्र शास्त्रात मरणाला शत्रूच म्हटलंय. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू त्याच्या कबरेशी गेला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होतं. तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला, आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तोही रडला. मला हा भाग फार प्रिय आहे. ज्या देवावर आपण विश्वास ठेवतो तो रडणाऱ्याला गप्प बसवत नाही, त्याच्या शेजारी उभा राहून रडतो. आजी ज्याला चांगला म्हणते तो हा.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. ‘देवा, किती वेळ? तू तोंड का लपवतोस?’ असं विचारणारी. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात आभाराची एक ओळ नाही. तरी ते काढून टाकलं नाही. म्हणून तुम्हाला देवाचा राग आला असेल तर त्यालाच सांगा. प्रार्थनेत गोड बोललंच पाहिजे असा नियम नाही.

आता पंडिता रमाबाईंबद्दल सांगते, कारण ‘देव चांगला आहे’ हे कुणी म्हणावं असा प्रश्न पडला की मला त्या आठवतात. १८५८ चा जन्म, वडील संस्कृतचे मोठे विद्वान. दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले, पाठोपाठ बहीण. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी हिंडत राहिले. १८८० साली तो भाऊही गेला. लग्न झालं, आणि १८८२ साली पती वारले. पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढं सगळं गमावल्यावर त्यांनी देवाला चांगला म्हणायचं ठरवलं.

आणि ते म्हणणं त्यांनी हातांनी केलं. १८८९ साली विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बाया गोळा केल्या आणि त्यांना केडगावला आसरा दिला. तिथलं मुक्ती मिशन आजही चालू आहे. भुकेल्या पोरीला काय होतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. साध्या बाईलाही वाचता यावं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिल्या. १९२१ साली मनोरमाही गेली. तरी ते काम त्यांनी पुरं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये देह ठेवला.

आपल्या आईवडिलांना का मरू दिलं, याचं उत्तर रमाबाईंना मिळालं होतं का? मला तसं वाटत नाही. आजीलाही मिळालेलं नाही, आणि मलाही नाही. पण वधस्तंभाकडे पाहिलं की एवढं मला नक्की कळतं: देव आपलं दुःख लांबून बघत बसला नाही. तो त्यात उतरला, मेला, आणि तिसऱ्या दिवशी उठला. माझा सगळा भरवसा त्यावर आहे. वाईट दिवस आला म्हणून तो भरवसा मोडत नाही, कारण तो मुळात वाईट दिवशीच, येशू मेला त्या शुक्रवारी, वधस्तंभापाशी उभा राहिला आहे.

हे तुम्हाला आजच पटावं असा माझा हट्ट नाही. मोठी होत जाल तसं स्वतः वाचा, विचारा, वाद घाला. आजीशीही बोला. ती कमी शिकलेली असली तरी या विषयात माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. आजोबांच्या आजारपणात तिने रोज पहाटे काय मागितलं आणि काय मिळालं नाही, ते ती लपवणार नाही.

आणि धाकट्या, तू झोपताना विचारलंस की स्वर्गात आजोबा आपल्याला ओळखतील का. ओळखतील, असं मी मानते. येशू उठला त्या सकाळी त्याची शिष्या मग्दालीया मरीया हिने त्याला आधी माळीच समजलं होतं. त्याने “मरीये” अशी हाक मारली, आणि तिने त्याला लगेच ओळखलं. योहानाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात आहे हे. आज रात्री आपण तिघं मिळून वाचू.

तुमची,
आई