शिबिर नंतर, आधी वस्तीचा नकाशा

प्रश्न: आमच्या वस्तीत संध्याकाळनंतर मारामाऱ्या होतात. दमा आणि मधुमेहाचे रुग्णही शेजारच्या भागापेक्षा जास्त आहेत. रहिवाशांसाठी शिबिर घ्यायचं ठरतंय. त्यात काय शिकवावं?

उत्तर: शिबिराची घाई नको, आधी नकाशा काढा. दहा-बारा जण पुरेत, पण त्यांत रात्रपाळीवाले, बायका आणि नाक्यावर उभी राहणारी मुलंही हवीत. बैठक दुपारी ठेवली की नेहमीचीच माणसं येतात. प्रत्येक घटनेच्या चारच गोष्टी नोंदवा: जागा, वार, वेळ, कशाने मारलं. नाव कुणाचंच नको. वेल्समधल्या कार्डिफमध्ये रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जखमींकडून अशीच माहिती घेतात, कारण मार खाल्लेले बरेच जण पोलिसांकडे जातच नाहीत. खूण घरावर नाही, चौकावर करा. घरातली मारहाण या नकाशावर मुळीच आणू नका. एका ठिपक्यावरून घर ओळखू आलं तर मार खाणाऱ्या बाईच्या जिवावर बेतू शकतं. मदत कुठे मिळेल हे तिला एकटीला गाठून सांगा.

त्याच कागदावर बंद दिवे, कचऱ्याचे ढीग, ओल धरलेल्या इमारती दाखवा. ज्या अंधाऱ्या रस्त्यावर डोकी फुटतात, तिथे मधुमेहाचा रुग्ण चालायला तरी कसा निघणार? दोन्ही दुखणी जिथे एकत्र दिसतील अशी एकच जागा निवडा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात 541 पडीक जागांवर प्रयोग झाला. 2018 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, कचरा काढून, गवत-झाडं लावून, बुटकं लाकडी कुंपण घालून निगा राखली तेव्हा गरीब वस्त्यांत बंदुकीची हिंसा 29 टक्क्यांनी घटली. यात निगा सर्वांत महत्त्वाची. तिचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढा, नाहीतर बागेचा पुन्हा उकिरडा होतो.

प्रश्न: भांडण पेटलं असताना स्वयंसेवकांनी मध्ये पडावं का?

उत्तर: नाही. शिकागोत 2000 साली अशा मध्यस्थीचं काम सुरू झालं. तिथले मध्यस्थ पगारी आणि प्रशिक्षित असतात, भांडणाऱ्या मुलांमध्ये त्यांची पत असते. त्यांचं मोठं काम पहिल्या भांडणानंतर, सूड उगवला जाण्याआधी असतं. तरीही सगळ्याच शहरांत सारखं यश आलेलं नाही. मध्यस्थ पोलिसांना बातम्या पुरवतो असा नुसता संशय आला तरी त्याचं कुणी ऐकत नाही.

तुमच्या स्वयंसेवकांनी लांबूनच मदत बोलवावी, लहान मुलांना बाजूला न्यावं. धोका टळल्यावर वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं. ते भिजलं तरी उचलू नये, त्यावरच दुसरं ठेवून दाब कायम ठेवावा. एवढं मात्र शिबिरात प्रत्येकाकडून करवून घ्या.