विमानात कुणाची तब्येत अचानक बिघडली तर नेमकं काय करतात? लगेच उतरवतात का?

लगेच नाही. आधी केबिन क्रू येतो. त्यांना सीपीआर (हृदय थांबल्यास छाती दाबून रक्तप्रवाह चालू ठेवणं) आणि ऑक्सिजन देण्याचं प्रशिक्षण असतं. बऱ्याच विमानांत हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्रही असतं. मग 'कुणी डॉक्टर आहे का?' अशी घोषणा होते. त्याच वेळी अनेक कंपन्या जमिनीवरच्या डॉक्टरांशी रेडिओ किंवा सॅटेलाइट फोनवरून बोलतात. विमान वळवायचं की नाही, हा अंतिम निर्णय कॅप्टनचा. इंधन, हवामान, धावपट्टी आणि जवळ चांगलं हॉस्पिटल आहे का, हे सगळं त्याला बघावं लागतं.

सर्वांत जास्त आढळते ती चक्कर. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फुटांवरच्या इतका असतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. इतक्या उंचीवरची विरळ हवा निरोगी माणसाला सहसा जाणवत नाही, पण हृदय-फुप्फुसाच्या रुग्णांना त्रास होऊ शकतो. अशांनी आधी डॉक्टरांना विचाराच.

आणि कळकळीची विनंती: आई-वडिलांच्या गोळ्या, इन्सुलिन, इनहेलर चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. छातीत दुखलं तर संकोच न करता लगेच बेल दाबा.