लॉवेलच्या गिरण्या कोणी बंद पाडल्या?

प्रश्न : मुलीकडे बॉस्टनला गेलो असताना जवळच्या लॉवेल शहरातील जुन्या कापडगिरणीचे संग्रहालय पाहिले. माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेवाले (साचा म्हणजे कापड विणण्याचा यंत्रमाग) होते, त्यामुळे तिथल्या चालू साच्यांपुढून पाय निघेना. बरोबरच्या एका गृहस्थांनी सांगितले की, कामगारांच्या संपांमुळे हे शहर बुडाले. हे खरे आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : संप झाले हे खरे, पण शहर त्यांनी बुडाले असे म्हणता येत नाही. 1834 साली मजुरीकपातीविरुद्ध आणि 1836 मध्ये कंपनीच्या वसतिगृहांतील खर्च वाढवल्याविरुद्ध शेकडो मुली काम टाकून बाहेर पडल्या. त्यानंतरच लॉवेलचा खरा उत्कर्षाचा काळ आला. 1912 च्या संपाने पगारवाढ मिळवली, तरी पुढे पहिल्या महायुद्धात याच गिरण्यांनी भरपूर नफा कमावला.

मुळात हे शहर मेरिमॅक नदीच्या उतारावर उभे राहिले. पॉटकेट धबधब्याशी नदी सुमारे 10 मीटर खाली येते. ते पाणी कालव्यांतून फिरवून 1823 पासून गिरण्या चालू झाल्या, आणि ज्यांच्या नावाने शहर ओळखले जाते ते फ्रान्सिस कॅबट लॉवेल त्याआधीच, 1817 मध्ये, वारले होते. भांडवल बॉस्टनच्या मोजक्या घराण्यांचे होते. ती माणसे राहत बॉस्टनला, लॉवेलला राहत होत्या त्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, दिवसाचे बारा-तेरा तास राबणाऱ्या मुली. मालक आणि शहर यांच्यातले हे अंतर, माझ्या मते, पुढच्या सगळ्या कहाणीचे मूळ आहे.

याची पहिली झलक अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861-65) दिसली. दक्षिणेतील गुलामांनी पिकवलेला कापूस येणे थांबताच बहुतेक गिरण्यांनी गोदामातला साठा चढ्या भावाने विकून टाकला, गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगारांना घरी बसवले. (त्याच टंचाईने आपल्याकडे खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला, हे आपण जाणताच.) पुढे वाफेची इंजिने आल्यावर धबधब्याचे महत्त्व ओसरले आणि समुद्रमार्गे स्वस्त कोळसा मिळणारे, लॉवेलच्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातले फॉल रिव्हर हे गिरण्यांचे शहर पुढे निघून गेले.

शेवटचा घाव मात्र साच्याने घातला, आणि तो आपल्याला चटकन उमगेल. साध्या साच्यावर कांडीतले (आडव्या सुताच्या गुंडाळीतले) सूत संपले की विणकराला साचा थांबवून धोट्यात, म्हणजे ते सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात, नवी कांडी घालावी लागे, आणि पुष्कळ ठिकाणी सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्याबरोबर कापसाची पूड छातीत जाई. 1890 च्या दशकात साचा न थांबवता आपोआप कांडी बदलणारा साचा बाजारात आला, तेव्हा एक विणकर पूर्वीच्या कितीतरी पट साचे सांभाळू लागला. गंमत अशी की हा साचा मॅसॅच्युसेट्समध्येच तयार झाला, पण त्याचा मोठा ग्राहक ठरला दक्षिण. कॅरोलायना-जॉर्जियातील नव्या गिरण्यांनी तो मोठ्या प्रमाणावर बसवला, शिवाय तिथे मजुरी कमी आणि कामाचे तास जास्त होते. लॉवेलच्या मालकांनी जुन्या इमारती आणि जुनी यंत्रे रेटत भागधारकांना लाभांश वाटला, आणि काहींनी तर दक्षिणेतच गिरण्या काढल्या. मॅसॅच्युसेट्स मिल्स या लॉवेलच्या कंपनीने जॉर्जियातील लिंडेल येथे गिरणी उभारली, तेव्हा लॉवेलमध्ये अजून भोंगे वाजतच होते.

1920 साली शहराची लोकसंख्या 1 लाख 12 हजारांच्या पुढे होती. त्याच दशकात एकामागून एक गिरण्या बंद झाल्या किंवा स्थलांतरित झाल्या. आपण पाहिलेली ‘बूट’ (Boott) नावाची कापडगिरणी तग धरून राहिली, ती 1950 च्या दशकात बंद पडली. 1978 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केले, म्हणूनच आपल्याला ते साचे चालताना ऐकता आले.