नागपूरजवळच्या गावातल्या बांबू कारागिरांना कोणतं प्रशिक्षण द्यावं आणि त्यांचा माल विकायचा कुठे?

तुम्ही लिहिलंय की रामटेक-देवलापार भागातल्या वीसेक बुरूड कुटुंबांसाठी संस्थेकडे थोडा निधी आहे, महिनाभराचं कौशल्य प्रशिक्षण घ्यायचं चाललंय, तर अभ्यासक्रम कसा ठेवावा आणि पुढे बाजारपेठ कशी मिळवून द्यावी. मी हा माल तपासून घेण्याच्या बाजूला काम करतो, म्हणून आधीच सांगतो: विणायला शिकवू नका. जिचं सूप वर्षानुवर्षं पाखडूनही सैल होत नाही, त्या बाईला बाहेरून आलेला प्रशिक्षक विणकाम काय शिकवणार? अडतं ते वेगळ्याच चार ठिकाणी. बांबूवरची प्रक्रिया, मापातला सारखेपणा, किंमत काढणं आणि केलेल्या कामाचे पैसे वेळेवर हातात पडणं. महिनाभर याच चार गोष्टींवर घालवा.

एका ऑर्डरचं सांगतो, त्यात हे सगळं येतं. नागपुरातल्या एका खरेदीदाराने दिवाळीच्या फराळासाठी ३०० झाकणाच्या दुरड्या मागितल्या होत्या. व्यास १० इंच, उंची ४ इंच. नमुना उन्हाळ्यात पसंत झाला, तो जुन्या वाळलेल्या बांबूचा होता. ऑर्डर पक्की व्हायला ऑगस्ट संपत आला. मग भर पावसात बांबू तोडला, त्यात कोवळाही आला, तसाच ओला विणला आणि खरेदीदाराच्या सांगण्यावरून प्रत्येक दुरडी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली. आठवड्याभरात आतून काळी-पांढरी बुरशी. जी बुरशीतून वाचली तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी, म्हणजे भुंगा लागलेला. कोवळ्या बांबूच्या पट्ट्या वाळताना आकसल्या, वीण सुटली, काठ खेळायला लागला. झाकणांचं तर विचारू नका. दहा घरांत दहा हातांनी केलेला माल, कुठे साडेनऊ इंच तर कुठे पावणेअकरा. निम्म्याहून अधिक माल परत आला. उरलेल्याचे पैसे मिळायला उन्हाळा उजाडला. तोडणीची वेळ आणि पॅकिंग कारागिरांनी ठरवलेलं नव्हतं, तरी नुकसान त्यांच्याच गळ्यात पडलं.

आणि यावर उपाय म्हणून पुढच्या वर्षी काय आलं, तर डिझाइन कार्यशाळा. लॅम्पशेड शिकवले. बुरशी का आली, झाकण का बसलं नाही, पैसे कुठे अडकले, यातल्या एकाही प्रश्नाला लॅम्पशेड हे उत्तर नाही. तुमचा प्रश्न वाचून म्हणूनच लिहायला बसलो.

आता कामाचं. बांबू पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत तोडलेला घ्या, तीन वर्षांच्या पुढचा. आपल्याकडे बहुतेक मानवेल मिळतो, तो विणायला चांगला. तोडलेल्या टोकावर मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन थेंबभर टाकायला शिकवा. डाग निळा-काळा पडला तर आत स्टार्च भरपूर आहे, म्हणजे भुंग्याला जेवण तयार. असा बांबू प्रक्रियेशिवाय वापरायचाच नाही.

प्रक्रियेसाठी कारखाना लागत नाही. ८ फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा, आत जाड ताडपत्री. त्यात १,००० लिटर पाण्याला ३० किलो बोरॅक्स आणि २० किलो बोरिक ॲसिड. दोन्ही आधी ड्रममध्ये गरम पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि मग खड्ड्यात ओतायचं, नाहीतर तळाशी बसतं आणि वरच्या पट्ट्यांना निव्वळ पाणी मिळतं. बांबू फोडून, कामट्या ओल्या असतानाच बुडवायच्या. अख्ख्या बांबूची बाहेरची साल द्रावण आत घेतच नाही. वर दगड ठेवा, तरंगणाऱ्या कामट्या कोरड्या राहतात आणि भुंगा नेमका तिथेच सापडतो. दोन-तीन दिवसांनी काढून आठवडाभर झाकून रचून ठेवायच्या म्हणजे द्रावण आतपर्यंत मुरतं, मग सावलीत वाळवायच्या. कडक उन्हात टाकल्या की चिरतात.

मुरलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी हळदीची चाचणी आहे. स्पिरिटमध्ये काढलेला हळदीचा अर्क कामटीच्या ताज्या कापावर लावून वाळू द्यायचा, वर सॅलिसिलिक ॲसिड विरघळवलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब द्यायचा. पिवळ्याचं लाल झालं तर बोरॉन (बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडमधला कीड रोखणारा भाग) आत पोचलंय, पिवळंच राहिलं तर नाही. हे आम्ल गावात कोणाच्या हाती देऊ नका, तपासणाऱ्याने हातमोजे घालून करावं. शंका आलीच तर वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था किंवा चंद्रपूरजवळचं चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र गाठा. दोन्ही नागपूरहून लांब नाहीत.

मापासाठी दोन साध्या गोष्टी पुरतात. एक, लाकडी ठोकळ्यात दोन धारदार पाती ठरलेल्या अंतरावर ठोकायची आणि पट्टी त्यातून ओढायची. प्रत्येक पट्टी एकाच रुंदीची निघते. जाडीसाठी गटाला एक व्हर्नियर कॅलिपर द्या, दुरडीला ०.८ ते १ मिलिमीटरच्या मध्ये ठेवा. दुसरी गोष्ट म्हणजे साचा. १० इंचाच्या दुरडीसाठी प्लायवूडची गोल तबकडी, कडेला उभ्या कामट्यांच्या खाचा, आणि झाकणासाठी पाव इंच मोठी दुसरी. एकाच पट्टीने गोल गोल विणत जायचं असेल तर उभ्या कामट्यांची संख्या विषम हवी, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. साचा करणाऱ्या सुताराला मात्र माहीत नसतं, तो २४ खाचा पाडून देतो आणि साचा वाया जातो. २३ किंवा २५ सांगा. सगळ्या घरांत एकाच सुताराच्या हातचे, एकाच मापाचे साचे द्या.

किमतीचं गणित कागदावर त्यांच्याकडूनच करून घ्या. आकडे तुमच्या गावचे टाका, मी नमुन्याला घेतो. बांबू ६० रुपयांना पडला, त्यात चार दुरड्या, म्हणजे १५ रुपये. प्रक्रिया ५. फोडणं, सोलणं, विणणं, काठ बांधणं मिळून अडीच तास, दिवसाची मजुरी ८ तासांची ४०० धरली तर १२५. पॅकिंग-वाहतूक १५. झाले १६०. दहा टक्के माल नापास होतोच, ते १६ मिळवा. वर गटाच्या खर्चाला पंधरा टक्के. बेरीज २०० च्या थोडी वर जाते. दुकानदार त्यावर दुप्पट लावून ४०० ला विकणार. एखादी दुरडी ४०० ला विकलीच जात नसेल तर मजुरी कापू नका, वस्तू बदला किंवा वीण सोपी करा. बहुतेक ठिकाणी फोडण्या-सोलण्याचे तास कोणी मोजतच नाही. तो वेळ घरातल्या बाईचा असतो, म्हणून फुकट धरला जातो. हे मला अजिबात मान्य नाही आणि तुम्हीही चालवून घेऊ नका.

आता पैसे. गटाची किंवा कारागिराची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) करा, ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यावर लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा. ऑर्डरवर चार ओळी मराठीत लिहून घ्या: नमुना कोणता, माप किती कमी-जास्त चालेल, माल कुठे आणि कोण तपासणार, परत करायची मुदत किती. निम्मे पैसे आगाऊ. ‘विकला की देतो’ या बोलीवर नवा गट एकही नग देणार नाही, एवढा नियम केलात तरी पुष्कळ झालं.

विकायचं कुठे? तुमच्या गावांना सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक पेंचच्या सिल्लारी आणि खुर्सापार गेटजवळची रिसॉर्टं. त्यांना कचऱ्याच्या टोपल्या, कपड्यांच्या टोपल्या, ट्रे लागतात, वापरून झिजले की पुन्हा लागतात. नागपुरात मिठाईवाले, रुखवत सजवणारे, नर्सरीवाले आहेत. छठपूजेला अंबाझरी आणि फुटाळा तलावांवर गर्दी होते, सूप आणि दउरा (मोठी टोपली) यांशिवाय ती पूजा होत नाही. हा माल कारागिरांना आजही येतो, नवीन काही शिकवावं लागत नाही, फक्त महिनाभर आधी व्यापारी गाठावा लागतो. राखीचा हंगामही बघा, मेळघाटात लवादा गावच्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या राख्या चालवून दाखवल्या आहेत. सिव्हिल लाइन्सच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रातला हस्तकला मेळा चांगला, पण तिथे विक्रीपेक्षा माहितीसाठी जा. लोक कोणतं माप हातात घेतात, किंमत ऐकून कोणतं खाली ठेवतात, ते लिहून आणायला एकाला बसवा. परराज्यातल्या मेळ्याला माल पाठवाल तर एक ध्यानात ठेवा: जीएसटी नोंदणीतून सूट घेतलेल्या हस्तकला कारागिरालासुद्धा राज्याबाहेर माल नेताना ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला) काढावं लागतं, माल ५०,००० च्या आतला असला तरी. नाक्यावर गाडी अडते ती इथे.

योजनांपैकी पीएम विश्वकर्मा (१७ सप्टेंबर २०२३ पासून) उपयोगी आहे. टोपली-चटई-झाडू करणारे तिच्या १८ व्यवसायांत बसतात. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं ई-व्हाउचर, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाख कर्ज. अडचण अशी की एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि आपल्याकडे नवरा-बायको दोघं विणतात. नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं जातं. विणणारी बाई असेल तर तिचं नाव घाला, घरात आधी बोलून घ्या. शिवाय हस्तकला विकास आयुक्तांचं पहचान कार्ड सगळ्यांचं काढा, मेळ्यात स्टॉल मागताना लागतं.

माझं जुनं भांडण आहे ते अशा लोकांशी, जे ‘आधी कौशल्य वाढवू, बाजार आपोआप येईल’ म्हणतात. येत नाही. प्रशिक्षण संपतं, प्रमाणपत्रासोबत फोटो निघतो आणि कारागीर परत आठवडी बाजारात पडेल त्या भावाने सूप विकायला बसतो. उलट्या क्रमाने जा. आधी दोन खरेदीदार पक्के करा, दोनच वस्तू ठरवा, त्या वस्तूंसाठी लागेल तेवढंच शिकवा. निधीतला तिसरा हिस्सा तरी खेळतं भांडवल म्हणून बाजूला ठेवा, कारण हिवाळ्यात बांबू एकदम भरून ठेवायचा तर त्या वेळी रोख लागते. तो बांबू नसला की पुढच्या ऑगस्टमध्ये पुन्हा ओल्या बांबूवर येऊन थांबाल. आणि अहवालात ‘किती जणांना शिकवलं’ याच्या शेजारी ‘सहा महिन्यांत प्रत्येकीच्या खात्यात किती जमा झाले’ हा रकाना टाका. निधी देणाऱ्यांना तो आवडेल न आवडेल, तुम्ही टाका.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. बोरॅक्सची प्रक्रिया केलेला बांबू अन्नाला थेट लागू नये. फराळाच्या दुरडीत आतून खाद्यपदार्थांसाठी चालणारा (फूड-ग्रेड) कागद किंवा डबा हवाच. पोळीच्या टोपलीला ही प्रक्रिया नको, तिथे कामट्या पाण्यात उकळून, नीट वाळवून, धुरी दिलेल्या चालतात, फक्त त्या कमी टिकतात हे गिऱ्हाइकाला सांगून विका. बोरॉन पाण्याने धुऊन निघतं, त्यामुळे कुंड्या, कुंपण अशा पावसात राहणाऱ्या मालाला त्याचा उपयोग नाही. वापरलेलं द्रावण गाळून, नवी भर घालून पुन्हा वापरता येतं, पण नाल्यात किंवा शेतात सोडू नका, पिकं जळतात. खड्ड्यावर झाकण आणि भोवती कुंपण ठेवा, गुरं पाणी समजून तोंड घालतात.