त्या ४१ डब्या वगळू नकोस

तुझा मेसेज दोनदा वाचला. वरच्या तीस ओळी नोकरीच्या आहेत, बंगळुरूची कंपनी, पगार, पीएचडी करू की नको, एआय आल्यावर लॅबवाल्यांचं काय होणार. आणि अगदी शेवटी एक ओळ, की गाईड म्हणतायत त्या ४१ खराब नमुन्यांचा डेटा काढून टाक, पेपर स्वच्छ होईल, काय करू मॅडम? अरे मग खरा प्रश्न हाच आहे ना! बाकीचं नंतर बघू. आणि हे फोनवर जमणार नाही, फोनवर मी चिडते आणि तू हो मॅडम हो मॅडम करत बसतोस, म्हणून लिहायला बसले.

वगळू नकोस.

तुझा प्रोजेक्ट काय आहे ते तुलाच परत सांगते, कारण तू आकड्यांत इतका अडकलायस की ते विसरलायस. टीबीचा संशय असलेला माणूस, त्याच्या जिभेवरून स्वॅब फिरवायचा, तो ट्रूनॅटवर, म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवर, लावायचा आणि त्याच माणसाच्या बेडक्याच्या, म्हणजे छातीतून खोकून काढलेल्या कफाच्या, रिपोर्टशी ताडून बघायचा. जिभेवर जंतू बेडक्यापेक्षा कमीच मिळतात, हे माहीत असूनही जगभर लोक या स्वॅबच्या मागे का लागलेत? कारण पुष्कळ जणांना बेडका येतच नाही. लहान पोरं गिळून टाकतात, म्हातारी माणसं खोकून खोकून दमतात आणि शेवटी डबीत लाळ सोडतात, एचआयव्ही असेल तर बेडक्यातही जंतू कमी सापडतात. स्वॅब या लोकांसाठी आहे. आणि तू बाहेर काढतोयस कोणाला? ज्यांच्या डबीत लाळ होती त्यांनाच. म्हणजे ज्यांच्यासाठी टेस्ट बनवायची ते बाहेर, आणि ज्यांना छान घट्ट पिवळा बेडका येतो, ज्यांना स्वॅबची गरजच नव्हती, त्यांच्यावर तू टेस्ट पास करून दाखवणार. त्या ४१ जणांत स्वॅब आणि बेडका जुळत नाहीत म्हणतोस, तर चूक स्वॅबचीच हे कशावरून ठरवलंस? लाळेचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून माणसाला टीबी नाही असं होतं का?

हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. १९९६ साली मी एका तालुक्याच्या गावी लॅबमध्ये लागले, तेव्हा सीबीनॅट वगैरे मशीन काही नव्हतं, मायक्रोस्कोप आणि आपण. केरसुणीची काडी मोडायची, तिच्या फाटलेल्या टोकाने बेडक्यातला घट्ट भाग उचलायचा, काचेवर अंड्याच्या आकाराचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, पसरायचा, वाळवायचा, वर लाल कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ येईपर्यंत तापवायचं, उकळू द्यायचं नाही. मग ॲसिड, मग निळा रंग. निळ्यावर लाल बारीक काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. आणि एक मिलीलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय त्या काड्या दिसतच नाहीत, म्हणजे नमुना नीट नसेल तर तुम्ही कितीही डोळे फोडा. मी दिवसाला तीस-तीस स्लाइड बघायचे. माझा हात चांगला होता, आजही सांगते, माझ्यासारखा स्मिअर त्या जिल्ह्यात कोणी करत नव्हतं.

तिथे एक बाई आली होती, शेतावर जाणारी, कडेवर मूल. डबी देऊन तिला व्हरांड्यात पाठवलं. व्हरांड्यात ओपीडीच्या रांगेतले पंधरा-वीस पुरुष उभे. दोन मिनिटांत परत आली, डबीत फेसाळ लाळ. मी रजिस्टरमध्ये 'लाळ' लिहिलं, स्लाइड केली, निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी परत तेच. परत 'लाळ', परत निगेटिव्ह. तिसऱ्या नमुन्याला ती आलीच नाही. महिन्याच्या रिपोर्टमध्ये ती निगेटिव्हमध्ये गेली आणि माझं काम संपलं. आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा दोन पुरुषांनी धरून आणलेली, थ्री प्लस, प्रत्येक फील्डमध्ये काड्याच काड्या, आणि या वेळी सोबत आलेली सासूसुद्धा खोकत होती.

परपुरुषांसमोर छातीतून खाकरून बेडका काढायला ती लाजत होती रे. एवढंच. मी तिला मागच्या दाराने बाहेर नेलं असतं, चिंचेखाली उभं केलं असतं, खोल श्वास घे आणि पोटातून खोक असं म्हटलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं. मी 'लाळ' लिहिलं, कारण रजिस्टरमध्ये तसा रकाना होता.

पुढे २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पाकिस्तानातल्या रावळपिंडीचं काम छापून आलं. तिथे काय केलं, काही बायकांना नमुना देण्याआधी बेडका कसा काढायचा ते नीट समजावून सांगितलं, बाकीच्यांना नेहमीसारखी नुसती डबी दिली. नुसती डबी दिलेल्यांत ८ टक्के पॉझिटिव्ह निघाल्या, समजावून सांगितलेल्यांत १३ टक्के. नवीन मशीन नाही, नवीन औषध नाही, नुसतं बोलणं. पुरुषांमध्ये फरक पडला नाही. तो पेपर वाचून मी लॅबच्या स्टुलावर बसून राहिले होते. म्हणून तुला विचारते, तुझ्या ४१ मध्ये बायका किती? बघितलंस? नाहीच बघितलं असणार, एक्सेलमध्ये 'पूअर क्वालिटी' असा फिल्टर लावला की बाई-पुरुष काही दिसत नाही. साठीच्या वरचे किती? कुठल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे किती? मे महिन्यात बाइकच्या डिकीत तीन तास शिजून आलेले किती? आधी हे बघ, मग माझ्याशी खराब या शब्दावर बोल.

आता जे सांगते ते मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही. नंतर मी शहरात एका खासगी लॅबमध्ये गेले, तिथे टीबीसाठी रक्ताची अँटिबॉडी टेस्ट चालायची. दिवसभर रक्त यायचं आणि मी रिपोर्ट काढायचे. त्या किटच्या माहितीपत्रकावर आकडे सुंदर असायचे, आणि ते सुंदर का असायचे ते मला कळत होतं. एका बाजूला स्मिअर पॉझिटिव्ह, अगदी खंगलेले पेशंट घ्यायचे, दुसऱ्या बाजूला धडधाकट रक्तदाते, आणि मधले सगळे, जुना खोकलावाले, दमावाले, आधी टीबी होऊन गेलेले, एचआयव्हीवाले, ते नाहीतच. वगळलेले. आणि खऱ्या ओपीडीत तर सगळे तेच मधले असतात! धडधाकट माणसाला सहा महिने टीबीच्या गोळ्या आणि खऱ्या टीबीवाल्याला 'काही नाही, जा घरी', दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर झालंय. मी घरी एका वहीत लिहून ठेवायचे, रक्त काय म्हणालं, नंतर कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायची तपासणी, काय आलं. दोनशे पानी वही भरली. कुठे पाठवली नाही. जुलै २०११ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की टीबीसाठी या रक्तचाचण्या वापरू नका, टीबीच्या एखाद्या टेस्टच्या विरोधात त्यांनी असं स्पष्ट सांगण्याची ती पहिलीच वेळ, आणि जून २०१२ मध्ये आपल्या सरकारने बंदी घातली. तोपर्यंत माझी वही कपाटात.

तू म्हणशील मग नोकरी सोडायची होती. कशी सोडणार? ह्यांची कंपनी बंद पडलेली, मुलगी दहावीला, आणि मी गेले असते तर माझ्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं असतं ज्याला एवढंही कळत नसतं. मी प्रत्येक रिपोर्टखाली 'बेडक्याची तपासणी करून घ्यावी' अशी ओळ टाकायचे, स्वतःहून, कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती काढा म्हणाले तेव्हा काढली नाही. त्या एका ओळीमुळे काही जण नक्की बेडका द्यायला गेले असतील. ते मी आजही मानते आणि मानत राहणार. पण वही छापायला हवी होती. तुझ्या वयाला मला कोणीतरी वगळू नकोस असं दरडावून सांगायला हवं होतं, ते मी तुला सांगतेय, ऐकायला कडू लागलं तरी.

आणि निगेटिव्ह निकाल कोण छापतं म्हणतोस? मोठ्या लोकांनी छापलेत. चेंगलपट्टूचा बीसीजीचा अभ्यास माहीत आहे ना, मद्रासजवळचा, १९६८ ला सुरू झालेला, अडीच लाखांहून जास्त माणसं. सगळ्या जगाला वाटत होतं लस चालणार. १९७९ मध्ये आपल्याच लोकांनी जाहीर केलं की फुफ्फुसाच्या टीबीपासून या लसीने संरक्षण दिसलं नाही. केवढा गहजब झाला असेल! काही गट गाळून, काही वर्षं गाळून आकडा बरा करता आला नसता का? केला नाही. लहान मुलांना गंभीर टीबीपासून, मेंदूच्या टीबीपासून बीसीजी वाचवते म्हणून आपण आजही ती देतोच, पण मोठ्यांसाठी नवी लस लागणार हे त्या अभ्यासाने ठणकावून सांगितलं. त्याआधी त्याच मद्रासमध्ये १९५६ पासून घरी उपचार की सॅनेटोरियम हा अभ्यास झाला, १९३ पेशंट. गरीब, दाटीवाटीत राहणारे, अर्धपोटी, म्हणजे कोणीही 'हे अभ्यासाला नकोत' म्हटलं असतं असे लोक. त्यांनाच घेतलं, आणि घरी राहून गोळ्या घेणारे जवळपास सॅनेटोरियमवाल्यांइतकेच बरे झाले, त्यांच्या घरच्यांनाही त्यामुळे जास्त लागण झाली नाही. जगभर सॅनेटोरियमला कुलपं लागली त्यामागे हे १९३ जण आहेत.

औषधांचंही तेच. एमडीआरवाल्यांना, म्हणजे ज्यांचा टीबी नेहमीच्या औषधांना जुमानत नाही त्यांना, महिनोन् महिने कॅनामायसिनची इंजेक्शनं द्यायचो, बेडका निगेटिव्ह आला की रकान्यात 'बरा'. कान गेला तरी 'बरा'. ऐकू येतं का याला निकालात रकानाच नव्हता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले, दोघींचे कान टीबीच्या औषधांनी गेले, आणि या दोघींनीच बेडाक्विलिन या एमडीआरवरच्या गोळीचं पेटंट लांबवायला भारतात विरोध केला. मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. आता बीपाल्म आलंय, चार औषधं, इंजेक्शन नाही, दीड-दोन वर्षांच्या जागी सहा महिने, आपल्याकडे सप्टेंबर २०२४ ला मान्यता मिळाली, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण ज्या ट्रायलवर ते उभं आहे त्यात गरोदर बायका नव्हत्या, त्यामुळे एमडीआर झालेली गरोदर बाई समोर आली की डॉक्टर आजही अडखळतात. कोणीतरी कुठेतरी वगळलं की त्याचं बिल असं दुसरंच कोणी भरतं.

मी तुला गाईडशी भांडायला सांगत नाहीये, नीट समज. दोन्ही अॅनालिसिस कर. एक सगळ्यांना धरून, तो पहिला, मोठ्या अक्षरात. दुसरा ४१ शिवाय, तो नंतर. स्टार्डची नियमावली काढ, २०१५ ची, टेस्टचे अभ्यास कसे मांडायचे याची, त्यात फ्लो डायग्राम आहे, किती आले, किती बाहेर गेले, का गेले, चौकटी करून दाखवायच्या असतात. गाईडना सांग की रिव्ह्यूअर विचारेलच, त्यापेक्षा आपणच दाखवू. आणि नमुना बाद करायचा नियम डेटा बघायच्या आधी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेला होता का ते बघ. होता तर प्रामाणिकपणे तसं लिही. निकाल बघून सुचला असेल तर तो नियम नाहीच, ते तुलाही कळतंय, म्हणून तर रात्री पावणेएकला मेसेज केलास.

नोकरी घ्यायची तर घे. पगार चांगला आहे, घरी पैसे लागतात, त्यात वाईट काही नाही, एआय काही वैरी नाही. छातीच्या एक्स-रेवर कॉम्प्युटरने टीबी ओळखायला डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये हिरवा कंदील दिलाच की, पण १५ वर्षांच्या वरच्यांसाठी. पोरं परत बाहेर. त्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलास तर पहिला प्रश्न तूच विचार, तुमच्या डेटामध्ये कोण नाही? उत्तर ऐकून ठरव. मला त्यापुढे त्या विषयात काही म्हणायचं नाही.

एक गोष्ट मात्र पेपरपेक्षा आधी. त्या ४१ पैकी ज्यांचा स्वॅब पॉझिटिव्ह आणि बेडका निगेटिव्ह आला, त्यांना कोणी परत बोलावलं का? दुसरा नमुना घेतला का, कल्चरला लावला का? तू मेसेजमध्ये लिहिलेलं नाहीस. उद्या सकाळी यादी काढ, त्या त्या गावच्या आशाताईंना फोन कर, टीबी सुपरवायझरना सांग, आणि जमलं तर स्वतः जा. बाईमाणूस असेल तर आशाताईंना सोबत घे आणि नमुना घराच्या मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत घ्यायला सांग, आसपास कोणी नको. रात्री मला किती जण सापडले ते कळव.