एका वेळी एकच बदल

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल दोनदा वाचले. आपल्या दोघींच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारासाठी, तीन आठवड्यांत तू गहू आणि दूध सोडलेस, प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयोगी जीवाणूंच्या, कॅप्सूल सुरू केल्यास, सकाळचा उपास धरलास, प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून कुणीतरी सुचवलेली पावडर घेऊ लागलीस आणि या भरात आतड्याची सूज आवरणाऱ्या मेसालामाइनची एक गोळी स्वतःच्या मनाने कमी केलीस. पाच दिवस बरे गेले, मग पुन्हा शौचातून रक्त पडू लागले, आणि आता यातले काय लागू पडले व काय बाधले, असे तू मला विचारतेस. हे मीच काय, तुझे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. रक्ताविषयी त्यांना आजच कळव आणि गोळीचे काय करायचे ते त्यांनाच विचार. हे पत्र अर्धवट ठेवून फोन केलास तरी मला चालेल.

माझे सांगणे एकच आहे: एका वेळी एकच बदल कर, त्याला पुरेसे दिवस दे आणि रोज लिहून ठेव. आतड्याचे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचे असते. त्याच्या अलीकडे जीवाणूंची अफाट वस्ती आणि पलीकडे शरीरातील प्रतिकारक पेशींचा फार मोठा भाग असतो. आहार बदलला की ही वस्ती दोनचार दिवसांत हलते आणि जुना आहार सुरू होताच पुष्कळशी पूर्ववत होते, परंतु सूज उतरायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून पाच बऱ्या दिवसांवरून काहीच ठरवता येत नाही.

त्या पावडरीचा मला विशेष राग आला. आपल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. तिला जोर नको, आवर हवा. आतड्यातले जीवाणू अन्नातल्या चोथ्यापासून ब्युटिरेट तयार करतात, मोठ्या आतड्याच्या पेशींचे ते मुख्य इंधन असते आणि प्रतिकारक पेशींना शांत ठेवण्यातही त्याचा वाटा असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना रोज किमान 25 ग्रॅम चोथा सुचवते, पण तो आकडा आज गाठायचा नाही. आजार उफाळलेला असताना भरड चोथा त्रास वाढवू शकतो. तो आजार शांत झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, हळूहळू वाढवायचा.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. 36 निरोगी प्रौढांपैकी एका गटाने दहा आठवडे आंबवलेले पदार्थ वाढवले, दुसऱ्याने चोथा. पहिल्या गटात जीवाणूंची विविधता वाढली आणि सुजेच्या अनेक खुणा उतरल्या. ती माणसे आपल्यासारखी आजारी नव्हती, हे विसरू नकोस. पण प्रत्येक गटाला एकच बदल दिला होता, म्हणूनच संशोधकांना काही उमगले, हेही पाहा. कॅप्सूलचे म्हणशील, तर अमेरिकेतील गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये आपल्या आजारासाठी प्रोबायोटिक संशोधनापुरतेच वापरावे, असा सल्ला दिला. पुढे कधी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागली, तर असे जिवंत जीवाणू क्वचित रक्तातही उतरू शकतात.

मी हे अधिकाराने बोलते, कारण तुझी चूक मी तुझ्याआधी केली आहे. आजाराच्या दुसऱ्या वर्षी बरे वाटले म्हणून मी गोळ्या थांबवल्या, त्याच महिन्यात एकामागून एक आठ पदार्थ ताटातून काढले आणि सुधारणेचे श्रेय ते पदार्थ सोडण्याला दिले. चार महिन्यांनी आजार उलटला तेव्हा वजन अकरा किलोंनी घटले होते, आणि निम्मी घट आजाराने नव्हे, माझ्या रिकाम्या ताटाने केली होती, असे मला आजही वाटते. त्या आठांतले सहा पदार्थ मला कधीच बाधत नव्हते, हे कळायला पुढे दोन वर्षे गेली, कारण एकेक करून परत आणण्याचा धीर मला फार उशिरा आला. तेव्हापासून मी वही ठेवते. कुणाच्याही घरी नवीन पदार्थ पुढे आला की मी नको म्हणते, आणि माणसे दुखावतात. त्यांना हा हट्ट वाटतो. पण त्या वहीमुळेच माझे आजचे ताट भरलेले आहे, म्हणून मी तो सोडणार नाही.

झोप आणि लसी यांना मात्र हा नियम लावत बसू नकोस. झोप पुरी घेच, आणि औषधे बदलण्यापूर्वी लसींविषयी डॉक्टरांना विचार, कारण प्रतिकारशक्ती दडपल्यावर जिवंत लसी सहसा देता येत नाहीत.

आता पावडर, कॅप्सूल आणि उपास बंद कर. डॉक्टर ठरवतील ते औषध नियमित घे आणि चार आठवडे स्वतःहून दुसरे काहीही बदलू नकोस. वहीत रोज शौचाची वेळ, रक्त, पोटदुखी, झोप आणि जेवण लिही. शेवटी विष्ठेतील कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्याची सूज दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करता येईल का, ते विचार. आतली सूज नुसत्या बरे वाटण्यावरून कळत नाही. आकडा आला की वही घेऊन ये, म्हणजे आधी गहू परत आणायचा की दूध, ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
मावशी