व्हेंटाना नाही हो, बेंताना!

प्रश्न असा आलाय की स्पॅनिशमधे खिडकीला जो शब्द आहे तोच नाकपुडीलाही कसा काय. सांगतो, पण आधी ते 'व्हेंटाना' बंद करा राव, कान किटले. स्पॅनिशमधे व्हीचा उच्चार ब च्या अंगाने जातो आणि त आपल्या तांब्यातला, टोपीतला ट नव्हे. बेंताना. स्त्रीलिंगी, ला बेंताना. घराची खिडकी, कॉम्प्युटरवरची विंडो सगळं तेच, बसची किंवा तिकिटाची खिडकी असेल तर बेंतानिया, यात विशेष काही नाही.

मजा पुढेच आहे. लॅटिनमधे वेंतुस म्हणजे वारा, वारा आत-बाहेर करायचं भोक ते बेंताना, मग ते भिंतीला असो नाहीतर तोंडावर. खिडकीला जुन्या स्पॅनिशमधे फिनिएस्त्रा होतं, लॅटिन फेनेस्त्रावरून, फ्रेंच, इटालियन, जर्मन अजून त्यालाच धरून बसलेत, स्पॅनिशने मात्र वारा पकडला. आणि आपलं वातायन बघा, वाऱ्याची वाट! इंग्रजी विंडो तर जुन्या नॉर्समधलं, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतलं विंदाउगा, वाऱ्याचा डोळा. त्यातला विंद म्हणजे आपला वात आणि आउगा म्हणजे आपला अक्षि, मूळ एकच, म्हणजे विंडो जशीच्या तशी संस्कृतात बसवली तर 'वाताक्ष' होते. कोशात शोधू नका, मीच केलाय, पण काय चपखल बसतो.

यावर एक मित्र लगेच म्हणाला, बघ, वातायनवरूनच बेंताना आला. अरे बाबा, ही चुलत भावंडं आहेत, बापलेक नव्हेत. तसंच गवाक्षातला गो म्हणजे किरण असं लावणारे पंडित, मला ते अजिबात पटत नाही, सरळ बैलाचा डोळा असताना किरण कशाला ओढून आणायचे?

आणि गोव्यात खिडकीला म्हणतात ते जनेल बेंतानाचं कोणी लागत नाही. ते पोर्तुगीज जानेला, लॅटिनमधे यानुआ म्हणजे दार, त्याचं पिल्लू. आपला जानेवारीपण त्याच गोतावळ्यातला. स्पेन-पोर्तुगाल भिंतीला भिंत लावून राहतात, पण एकाला खिडकीत वारा दिसला, दुसऱ्याला छोटंसं दार.

हां, नाक राहिलंच. नुसतं बेंताना म्हणालात तर समोरचा खिडकीच समजेल, नाकपुडी म्हणायची तर बेंताना दे ला नारीस असं पूर्ण म्हणा.